विषाणूला चूल नसते

मिरजेला इंटर्नशिप करत होते तेव्हाची गोष्ट. साल १९८६. एकाच आठवड्यात दोन माणसं दाखल झाली आणि ती दोघंही अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

पहिला जतकडचा ऊसतोडीवर आलेला गडी. न्यूमोनिया. ताप एकशे चार, थुंकी गंजाच्या रंगाची, श्वास घेतला की बरगडीत कळ. वॉर्डात क्रिस्टलाइन पेनिसिलिनच्या कुप्या असायच्या. आधी कातडीत थोडंसं टोचून रिअ‍ॅक्शन येते का बघायचं, मग दर सहा तासांनी सुई. तिसऱ्या दिवशी सकाळी राउंडला गेले तर गडी खाटेवर मांडी घालून पिठलं-भाकरी खात बसला होता. मला बघून त्याने हात जोडले. मी तेवीस वर्षांची होते. ते पेनिसिलिन मीच शोधून काढलं असावं अशा ऐटीत पुढच्या खाटेकडे गेले.

दुसरा चाळिशीचा शेतकरी. स्वतःच्या पायांनी चालत आला. दोन दिवस पाणी गिळता येत नाही, घसा आवळतो, एवढीच तक्रार. पेला पुढे केला तर सगळं अंग आक्रसलं. पंख्याचा वारा लागला तरी तसंच. पोटरीवर भरून आलेली जखम होती. "कुत्रं चावल्याला दोन म्हयनं झालं की बाई. तवाच मिरची भरली हुती, कवाच बरं झालं ते." आमच्या सरांनी त्याला कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत हलवलं, झोपेचं औषध लिहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "त्रास कमी होईल एवढं बघा." म्हणजे बाकी काही बघण्यासारखं नव्हतं.

त्या माणसाची शुद्ध पूर्ण होती, रेबीजमधली ती सगळ्यात क्रूर गोष्ट. मधल्या बऱ्या वेळात तो नीट बोलायचा. एकदा मला म्हणाला, "पलीकडच्या त्या ऊसवाल्याला जी सुई देताय, तीच मला बी द्या की." मी काहीतरी पुटपुटून बाहेर आले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याला तेव्हा जे उत्तर देता आलं नाही, ते मला नीट कळायला बरीच वर्षं लागली.

आपल्या बोलण्यात दोन्ही 'जंतू'च. पुस्तकांनी त्यांना जीवाणू आणि विषाणू अशी वेगळी नावं दिली, आणि ती चांगली दिली. एकात जीव आहे, दुसऱ्यात विष. जीवाणू म्हणजे एका पेशीचा का होईना, पण स्वतःचा संसार असतो. त्याला स्वतःची भिंत असते, आत प्रथिनं बनवायची स्वतःची यंत्रणा असते. तो आपल्या अंगणात येऊन राहतो, पण रांधतो स्वतःच्या चुलीवर. पेनिसिलिन त्याची भिंत बांधू देत नाही. आपल्या पेशींना तसली भिंतच नसते, त्यामुळे आपल्याला धक्का लागत नाही. डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन ही औषधं त्याची प्रथिनांची यंत्रणा अडवतात. ती आपल्यातही आहे, पण घडण वेगळी आहे. जीवाणूंच्या कितीतरी जातींची भिंत आणि चूल एकाच धर्तीची, म्हणून एकच अँटिबायोटिक अनेकांवर चालतं. रोग्याला नेमकं काय झालंय हे कळायच्या आधी सुरू केलं तरी बऱ्याचदा निभावतं.

विषाणूला चूल नसते. भिंत नाही, भांडी नाहीत. एका पिशवीत किंवा प्रथिनाच्या वेष्टणात गुंडाळलेला थोडा मजकूर, बस्स. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच चुलीवर, आपल्याच सरपणावर, आपल्याच हातांनी स्वतःच्या हजारो प्रती रांधून घेतो. आता पाणी ओतायचं कुठे? चूल विझवली तर विषाणू उपाशी मरेल, पण घरही उपाशी मरेल. पेनिसिलिनने त्याचं काय बिघडवायचं, त्याच्याकडे बिघडण्यासारखं काही नाहीच. त्या शेतकऱ्याला ऊसवाल्याची सुई देऊन उपयोग नव्हता तो यासाठी.

हे मला एमबीबीएसच्या परीक्षेत लिहिता आलं असतं. पण १९८९ साली तासगाव तालुक्यातल्या एका गावात दवाखाना टाकला तेव्हा हे ज्ञान टेबलाच्या खणात गेलं. तपासणी फी पाच रुपये, सुईसकट दहा. लोक दहा रुपये देऊन सुई घ्यायला येत, पाच रुपये देऊन माझं मत ऐकायला नव्हे. "बाई, व्हायरल हाय म्हंता, मग लिवून काय देताय?" यावर 'पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती' असं म्हटलं की माणूस चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जायचा. मग मी लिहायला लागले. आधी टेट्रासायक्लिन, मग अमॉक्सिसिलिन, पुढे पुढे तीन दिवसांचा अझिथ्रोमायसिनचा कोर्स. विषाणूचा साधा ताप पाच-सात दिवसांत आपसूक उतरतो. चौथ्या दिवशी दिलेल्या कॅप्सूलला पाचव्या दिवशी यश येतं. ते यश मी जवळजवळ वीस वर्षं खिशात घातलं. गावात माझ्या हाताला गुण आहे असं म्हणत.

या गुणाची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरली. लघवीच्या जंतुसंसर्गाचे कल्चर रिपोर्ट यायला लागले आणि ज्या औषधांवर भिस्त होती त्यांच्यापुढे 'रेझिस्टंट', 'रेझिस्टंट' अशी रांग दिसायला लागली. तालुक्यातल्या जीवाणूंना आम्हीच वर्षानुवर्षं तालीम दिली होती. २०१४ पासून शेड्यूल एच-१ आलं, काही अँटिबायोटिक्स दुकानदाराने चिठ्ठीशिवाय देऊ नयेत आणि विक्रीची नोंद ठेवावी असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण चिठ्ठी लिहिणारा हात माझाच होता.

हा हात आखडायला मला शिकवलं ते एका द्राक्षबागायतदार आजोबांनी. नातवाला तीन दिवस ताप, सर्दी, डोळे लाल. मी म्हटलं, "आबा, व्हायरल आहे. अँटिबायोटिकने काही होत नाही." आता ते उठून जाणार असं मला वाटलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "औंदा आमच्या टोमॅटोवर व्हायरस आला. दावण्याला फवारा हाय, भुरीला हाय. ह्याला इचारलं तर दुकानदार म्हनला, ह्याला फवाराच न्हाई. पांढऱ्या माशीला मारा, आन् लागल्याली झाडं उपटून बांधाभायेर टाका. तसलंच का हे?"

"तसलंच."

"आन् ह्याला तर उपटून टाकता येत न्हाई," नातवाच्या डोक्यावर टपली मारत ते हसले. पोराला घेऊन, पॅरासिटामॉलची बाटली खिशात घालून गेले. इतकी वर्षं मी लोकांना कळणार नाही म्हणून सांगितलंच नव्हतं, आणि इथे माणूस माझ्या पाठ्यपुस्तकापेक्षा सोपं करून सांगत होता. त्या दिवसापासून बागायतदार आला की मी फवाऱ्यापासूनच सुरुवात करते.

अर्थात 'काही करायचं नसतं' हेही अर्धंच खरं. ते मला २०१३ च्या पावसाळ्यात कळलं. एका शिक्षिकेला डेंगी झाला होता. पाचव्या दिवशी ताप उतरला. चेहरा बरा दिसत होता. मी म्हटलं, "आता उद्या शाळेत जायला हरकत नाही." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने तिला धरून आणलं. पोटात दुखतंय, उलट्या, हातपाय गार, नाडी बोटाला जेमतेम लागत होती. सलाईन लावूनच तिला सांगलीला पाठवलं. ती वाचली. चूक माझी होती. डेंगीत धोका ताप चढलेला असताना कमी आणि उतरल्यावर जास्त असतो. त्या एक-दोन दिवसांत बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेर जातं. विषाणू तोवर ओसरायला लागलेला असतो. जे चाललेलं असतं ते बरंचसं आपल्याच शरीराच्या प्रतिकाराचं तांडव असतं.

विषाणूच्या बाबतीत ही आणखी एक अडचण. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तोवर विषाणूचं रांधून-वाढून बरंचसं झालेलं असतं. फ्लूचं ओसेल्टामिविर घ्या. पहिल्या ४८ तासांत दिलं तर खरा उपयोग. आमच्याकडे ४८ तास हळद-दुधात आणि मेडिकलवाल्याच्या गोळीत जातात. आणि डेंगीवर तर विषाणूला मारणारं औषध अजूनही नाही. आहे ते मोजून दिलेलं सलाईन आणि डोळ्यांत तेल घालून पाहणं. लोक मात्र 'पेशी किती?' एवढंच विचारतात. पेशी म्हणजे प्लेटलेट. आकडा पडला की पपईच्या पानांचा रस सुरू. हिमॅटोक्रिट नावाचा दुसरा आकडा, रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा, त्याच कागदावर असतो आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्या शिक्षिकेनंतर मी एक वही घातली. तापाचा जो रुग्ण औषधाशिवाय घरी पाठवते त्याचं नाव आणि फोन त्यात. ताप उतरल्यावर दोन दिवस फोन करायचा. लघवी झाली का, पोटात दुखतं का, हात गार आहेत का. याची फी नाही.

मग विषाणूवर औषध कधीच मिळत नाही का? मिळतं, पण प्रत्येकाचं वेगळं शोधावं लागतं. मला याचा पहिला साक्षात्कार नागिणीने दिला. एक आजी, छातीच्या एका बाजूला पाठीपासून पुढे आलेला फोडांचा पट्टा, त्यावर गेरूचा लेप. "विळखा पुरा झाला की मानूस ऱ्हात न्हाई म्हंत्यात." विळखा सहसा पुरा होत नाही, कारण तो एका बाजूच्या एका नसेच्या वाटेनेच जातो. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठीत पन्नास-साठ वर्षं निजून राहतो. म्हातारपणी अंगातला जोर ओसरला की उठतो आणि त्या नसेवरून खाली येतो. निजलेल्याला कुठलंच औषध पोचत नाही. पण उठून रांधायला बसला की अ‍ॅसायक्लोविर.

या औषधाची हुशारी मला अजून थक्क करते. ते पेशीत जातं तेव्हा निष्क्रिय असतं, जणू कुलपात. त्याची किल्ली असते विषाणूच्याच एका एन्झाइमकडे. म्हणजे ज्या पेशीत विषाणू कामाला लागलाय तिथेच औषध जागं होतं, आणि प्रतीची नक्कल मध्येच तुटते. शेजारच्या निरोगी पेशीला जवळपास पत्ताही लागत नाही. चूल तीच, पण घुसखोराने हात घातला तरच चटका. हे औषध ज्या प्रयोगशाळेतून आलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या पोरीला सांगते. आजी फोड आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या. ७२ तासांच्या आत सुरू केलं तर फायदा, त्यामुळे त्यांचं नशीब बरं. दिवसातून पाच वेळा गोळी, सात दिवस. गेरू मात्र त्यांनी सुनेकडून गुपचूप लावून घेतलाच.

एचआयव्हीने आम्हाला जास्त झुलवलं. नव्वदच्या दशकात सांगली जिल्ह्यात तो किती पसरला होता हे इथल्या डॉक्टरांना वेगळं सांगायला नको. हा विषाणू स्वतःचा मजकूर थेट आपल्या पेशीच्या मजकुरात शिवून टाकतो. शिवाय नक्कल करताना इतक्या चुका करतो की एका औषधाला चकवणारी प्रत आज ना उद्या निघतेच. एझेडटी हे पहिलं औषध १९६४ साली कर्करोगासाठी बनवलं गेलं होतं. तिथे चाललं नाही म्हणून ते बाजूला पडलं आणि १९८७ मध्ये एचआयव्हीसाठी मान्य झालं. एकट्याने ते थोडेच दिवस पुरायचं. १९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकदम द्यायची रीत आली आणि मरणं थांबायला लागली. पण श्रीमंत देशांत.

माझा एक रुग्ण ट्रक चालवायचा. १९९८ मध्ये त्याला औषधांचा महिन्याचा खर्च सांगितला तेव्हा तो हसला. "तेवढ्यात ट्रकचा हप्ता बसतो." २००० च्या पावसाळ्यात तो गेला. पुढच्याच वर्षी सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा डोस दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी किमतीत देऊ केला आणि जगभरची किंमत कोसळली. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधं सुरू केली, महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. आधी मुंबई गाठावी लागे, मग सांगलीतच सोय झाली. त्याच्या बायकोला ती मिळाली. आज ती माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्यांना येते. रोज रात्री एक गोळी, रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नाही. पण गोळी सोडली तर काही आठवड्यांत तो परत येईल, कारण शिवलेला मजकूर उसवता येत नाही. याला उपचार म्हणायचं की पहारा, हे मला ठरवता आलेलं नाही. तिला त्याने फरक पडत नाही.

एकच विषाणू मी डोळ्यांदेखत मुळासकट जाताना पाहिला. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, पूर्वी कधीतरी रक्त चढवलेलं, हिपॅटायटिस सी. २०१७ मध्ये सोफोस्बुविर आणि डॅक्लॅटॅसविर, बारा आठवडे. नंतरच्या रिपोर्टवर 'आढळला नाही'. हा विषाणू आपल्या पेशीच्या केंद्रकात काही ठेव ठेवत नाही. रांधणं बंद पडलं की संपला. त्याचाच नावबंधू हिपॅटायटिस बी ठेव ठेवतो, म्हणून त्याला दाबता येतं, काढता येत नाही. जीवाणू सगळे सोपे असंही नाही म्हणा. क्षयाला सहा महिने लागतात, आणि अर्ध्यावर सोडणारे माझ्याच गावात आहेत.

कोविडबद्दल थोडक्यात. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या सख्ख्या भावासाठी रेमडेसिविर मिळावं म्हणून मी रात्री दहापर्यंत फोन करत होते. त्याने मृत्यू टळतात असा पुरावा नाही, म्हणून ते देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने आधीच्या नोव्हेंबरात सांगितलं होतं. मी ते वाचलं होतं. तरी फोन केले. सहा कुप्या मिळाल्या. डेक्सामेथासोन नावाचं काही रुपयांचं जुनं औषध त्याला चालूच होतं. त्याने गंभीर रुग्ण वाचतात हे सिद्ध झालेलं होतं. ते विषाणूला हातही लावत नाही, भडकलेल्या शरीराला फक्त आवरतं. भाऊ वाचला. कशाने, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या रात्री कळलं की 'सुई द्या की' म्हणणारे फक्त माझे रुग्ण नव्हते.

माझ्या लहानपणी गावोगावच्या भिंतींवर गेरूने लिहिलेलं असायचं, 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा'. देवीच्या विषाणूवर तेव्हा गुण देणारं औषध नव्हतं. तरी देवी गेली, लशीने आणि रोगी हुडकून. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. विषाणूच्या बाबतीत आपली खरी सत्ता तो चुलीपाशी पोचायच्या आधीच चालते.

रेबीजचा विषाणू तर त्यासाठी वेळही देतो. चावल्या जागेपासून तो मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, आणि त्याला बहुधा काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यात लस शरीराला तयार करते. म्हणजे तो शेतकरी अंधाऱ्या खोलीत येण्यापूर्वी दोन महिने त्याला वाचवणारी सुई होती. ती ऊसवाल्याची नव्हती, वेगळी होती, आणि तेव्हा पोटात चौदा घ्यायची म्हणून लोक तिला भीत. आता ती दंडात घ्यायची चार-पाच वेळा असते.

म्हणून हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. कुत्रा, मांजर, माकड, काहीही चावलं किंवा ओरखडलं तर मिरची, चुना, हळद काही भरू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं, घड्याळ लावून धुवा. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रक्त आलेलं असेल तर जखमेत द्यायचं सिरमही मागा. कुत्रा घरचा आहे, पिल्लू आहे, जखम लहान आहे, यातलं काही ऐकू नका. लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कार्डावर लिहिलेल्या सगळ्या तारखा पाळा.